घराची परवानगी नाकारली, आता पुढे काय?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक तरुण गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. त्यांच्या हातातील प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, घराचा नकाशा आणि घड्या पडलेले एक सरकारी पत्र होते. आजोबांनी बांधलेल्या कौलारू घराची मागची भिंत खचली होती. त्या जागी दोन खोल्यांचे पक्के घर बांधावे, म्हाताऱ्या आईला कोरड्या छपराखाली ठेवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु नियोजन प्राधिकरणाने बांधकामाची परवानगी नाकारली होती. "फादर, नामंजूर झालं म्हणजे सगळं संपलं ना? ओळखीचा एक माणूस म्हणतो, बांधायला घ्या, पुढचं पुढे पाहू," असे ते म्हणाले. पत्रावरील दिनांक पाहिला तेव्हा ते हाती पडून दोन महिने लोटले होते, असे आमच्या ध्यानात आले. त्या दोन महिन्यांत पत्र कपाटातील कपड्यांखाली पडून होते.

असे पत्र कपाटात ठेवणारे हे एकटेच गृहस्थ नव्हेत. वसई परिसरातील अनेक धर्मग्रामांतून अशी कुटुंबे आम्हांस भेटतात. सरकारी कागदावरील 'नामंजूर' हा शब्द वाचला की काहीजण हताश होतात, तर काहीजण संतापून विटांची गाडी मागवतात. हे दोन्ही मार्ग घराकडे जात नाहीत. कायद्याने नकार देण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिला आहे, तसाच त्या नकाराविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार अर्जदारालाही दिला आहे. तो अधिकार कोणता, तो केव्हा व कसा वापरावा आणि केव्हा वापरू नये, याची माहिती आमच्या वाचक बंधुभगिनींना व्हावी या हेतूने हा लेख लिहीत आहोत. प्रत्येक मिळकतीची स्थिती निराळी असते. म्हणून प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी जाणकार वकील व परवानाधारक वास्तुविशारद यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

प्रथम पत्र नीट वाचावे

प्राधिकरणाकडून येणारे प्रत्येक प्रतिकूल पत्र नकाराचे असतेच असे नाही. पुष्कळदा ते केवळ त्रुटीपत्र असते. अमुक कागद जोडलेला नाही, अमुक माप नकाशात दाखवलेले नाही, त्याची पूर्तता करावी, असा त्यातील आशय असतो. त्रुटीपत्राविरुद्ध अपील करावयाचे नसते, त्याला उत्तर द्यावयाचे असते. उत्तर वेळेत गेले नाही तर प्रकरण निकाली निघते आणि मग नकाराचे पत्र येते. कित्येक नकारांचा उगम अशा अनुत्तरित त्रुटीपत्रात असतो.

नकाराचा आदेश असेल तर त्यात आदेशाचा क्रमांक, दिनांक, कोणत्या कलमाखाली नकार दिला आहे ते आणि नकाराची कारणे, या चार गोष्टी शोधाव्यात. पत्र ज्या दिवशी हाती आले तो दिवसही त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि पाकीट फेकू नये. परवानगी ऑनलाइन पद्धतीने मागितली असेल तर निर्णय कळवल्याचा संदेश जपून ठेवावा. या दिनांकाला किती महत्त्व आहे ते पुढे येईलच.

कायदा काय सांगतो?

आपल्या राज्यातील या विषयाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्यातील कलम ४४ प्रमाणे बांधकामाच्या परवानगीसाठी अर्ज करावयाचा असतो. कलम ४५ प्रमाणे प्राधिकरण विनाअट परवानगी देऊ शकते, अटींसह देऊ शकते किंवा ती नाकारू शकते. मात्र अटी घातल्या किंवा नकार दिला तर त्याची कारणे आदेशात नमूद करणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. केवळ 'नियमात बसत नाही' एवढेच लिहिलेले पत्र या कसोटीला उतरत नाही, आणि अपिलात हा मुद्दा मांडता येतो.

कलम ४७ अपिलाचे आहे. नकारामुळे किंवा घातलेल्या अटींमुळे व्यथित झालेल्या अर्जदारास, आदेश कळवल्याच्या दिनांकापासून ४० दिवसांच्या आत राज्य शासनाकडे, अथवा शासनाने त्यासाठी नेमलेल्या उपसचिव किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपील ऐकताना अर्जदार आणि प्राधिकरण या दोघांनाही आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. त्यानंतर अपील फेटाळले जाते किंवा ते मान्य करून विनाअट अथवा बदललेल्या अटींवर परवानगी दिली जाते. परवानगी मिळाली, पण एखादी अट पाळणे अशक्यप्राय आहे, अशा वेळीही हे कलम उपयोगी पडते, हे अनेकांना ठाऊक नसते.

चाळीस दिवस म्हटले की आपणांस उपवासकाळ आठवतो. निदान त्या निमित्ताने तरी ही मुदत लक्षात राहावी. ती उलटल्यावर विलंब माफ होईल या भरवशावर कोणी राहू नये.

नकाराची कारणे आणि त्यांवरील उपाय

कारण कोणत्या प्रकारचे आहे यावर पुढचा मार्ग अवलंबून असतो. आमच्या पाहण्यात येणारी कारणे साधारणतः पाच प्रकारची आहेत.

पहिले कारण मालकीचे. आपल्या समाजात हेच सर्वाधिक आढळते. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असते, आजोबांच्या पश्चात वडील गेलेले असतात आणि वारस नोंद झालेलीच नसते. त्यातही जुन्या उताऱ्यांवर नावे बोलीभाषेतील असतात. उताऱ्यावर 'बस्त्याव' तर मृत्यू दाखल्यावर 'सेबॅस्टियन', उताऱ्यावर 'इनास' तर आधार कार्डावर 'इग्नेशियस'. प्राधिकरणाच्या दृष्टीने ही दोन निराळी माणसे ठरतात. अशा वेळी धर्मग्रामातील स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या फार उपयोगी पडतात. त्या नोंदींच्या दाखल्यांवरून वंशावळ जुळवता येते व प्रतिज्ञापत्राला आधार मिळतो. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करावयाचा असतो. या पदाचे नाव २०२४ मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले आहे. हे काम संथपणे चालते, म्हणून घर बांधण्याचा विचार मनात आल्या दिवशीच त्याला आरंभ करावा.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या ख्रिस्ती व्यक्तीच्या मिळकतीची वाटणी भारतीय वारसा अधिनियम, १९२५ प्रमाणे होते. पती निवर्तल्यास एक तृतीयांश हिस्सा पत्नीचा व उरलेला दोन तृतीयांश मुलांचा असतो, आणि मुलांमध्ये मुलगा व मुलगी असा भेद नाही. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचा हिस्सा भावाइतकाच असतो. म्हणूनच प्राधिकरण सर्व सहहिस्सेदारांची संमती मागते. ही संमती मिळवताना दोन कागदांतील फरक सर्वांनी समजून घ्यावा. संमतीपत्र अथवा ना हरकत पत्र म्हणजे 'या जागेवर भावाने घर बांधण्यास माझी हरकत नाही' एवढेच, त्याने बहिणीचा हिस्सा जात नाही. हक्कसोडपत्राने मात्र तिचा हिस्सा कायमचा जातो आणि त्याची नोंदणी करावी लागते. 'परवानगीसाठी एक सही हवी' असे सांगून बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवणे हा अन्याय आहे. अशा सह्यांमुळे एका आईची लेकरे वर्षानुवर्षे एकमेकांच्या उंबऱ्यावर गेली नाहीत, हे आम्ही पाहिले आहे. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा होय, पण काय सोडत आहोत हे तिला कळलेच पाहिजे.

एखादा हिस्सेदार आखाती देशात अथवा अन्यत्र परदेशी असेल तर त्याचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेता येते. परदेशात केलेला असा दस्तऐवज राज्यात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत पुष्कळांच्या नजरेतून निसटते.

दुसरे कारण मोजमापांचे. बाजूची मोकळी जागा, ज्याला सामासिक अंतर म्हणतात, ती कमी आहे. चटई क्षेत्र जास्त होते. पोहोच रस्ता पुरेसा रुंद नाही. मोजणीचा नकाशा जोडलेला नाही, अशी ही कारणे असतात. आपल्या वाड्यांतील जमिनी पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन लांबट व अरुंद झाल्या आहेत, त्यामुळे ही अडचण वारंवार येते. राज्यातील बहुतेक क्षेत्राला लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. दाट वस्तीच्या गावठाण भागासाठी तिच्यात बाहेरील भागापेक्षा निराळे नियम आहेत. आपली जागा गावठाणात असूनही बाहेरचे नियम लावून नकार दिला असेल तर तो अपिलाचा भक्कम आधार ठरतो. शिवाय खरोखरीची अडचण दाखवून दिल्यास, आरोग्य व सुरक्षितता यांना बाधा येत नसेल तर काही मापांत सवलत देण्याचा स्वेच्छाधिकारही या नियमावलीत आहे. मात्र तो आपण होऊन वापरला जात नाही. कारणे देऊन त्याची लेखी मागणी करावी लागते.

तिसरे कारण विभागाचे. विकास आराखड्यात आपली जमीन हरित किंवा शेती विभागात दाखवलेली असते. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी येथील जनतेने दीर्घकाळ लढा दिला आणि त्यात धर्मगुरूंचाही वाटा होता, हे वाचकांना सांगावयास नको. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. जो नियम टोलेजंग इमारतींना अडवतो तोच कधीकधी आपल्या दोन खोल्यांनाही अडवतो, ही वस्तुस्थिती आहे. प्राधिकरणाला आराखडा विचारात घेऊनच निर्णय द्यावा लागतो, असे कलम ४६ सांगते. त्यामुळे 'आमच्यापुरता आराखडा बाजूला ठेवा' अशी मागणी अपिलात टिकणारी नाही. परंतु हरित विभागातही काय अनुज्ञेय आहे, जुन्या घराच्या पुनर्बांधणीस कोणती मुभा आहे आणि आपली जागा खरोखरच त्या विभागात येते काय, हे तपासण्याजोगे असते. विभागाची सीमारेषा नकाशावर जाड असते आणि शिवारात बारीक असते. अधिकृत झोन दाखला, भाग नकाशा व मोजणी नकाशा एकत्र ठेवून पाहिल्यास कधीकधी चूक उघडकीस येते.

चौथे कारण आरक्षणाचे. जागेवर रस्ता, उद्यान, शाळा असे आरक्षण असेल तर कलम ४७ च्या अपिलाने फारसे साधत नाही. त्यासाठी निराळी कलमे आहेत. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली खरेदीची सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही अथवा त्यासाठी आवश्यक पावले उचलली गेली नाहीत, तर ते आरक्षण व्यपगत होते. परवानगी नाकारल्याने जमीन वाजवी उपयोगाची राहिलीच नाही, असे असेल तर कलम ४९ प्रमाणेही शासनास खरेदीची सूचना देता येते. ही वाट लांबची आहे व वकिलाशिवाय चालण्याजोगी नाही.

पाचवे कारण अन्य कायद्यांचे. किनाऱ्यावरील आमच्या कोळी बांधवांना सागरी किनारा नियमनाचा अडथळा येतो. वनजमीन, रेल्वेची हद्द, कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवरील निर्बंध ही याच जातीची कारणे होत. येथे बांधकाम परवानगी देणारे कार्यालय दुसऱ्या खात्याच्या मंजुरीसाठी थांबलेले असते. ती मंजुरी ज्या कायद्याखाली मिळते त्याच कायद्याखाली दाद मागावी लागते. बिनशेतीच्या नियमांतही २०१४ पासून वेळोवेळी मोठे बदल झाले आहेत. जुन्या माहितीवर विसंबून न राहता तहसील कार्यालयात आजची स्थिती विचारून घ्यावी.

अपील की नवा अर्ज?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही फार थोडे लोक तो विचारतात. नकाराचे कारण आपल्या कागदांतील उणीव असेल तर अपील करण्यात अर्थ नसतो. प्राधिकरणाचा निर्णय त्याच्यासमोर असलेल्या कागदांवरून बरोबरच असतो. अशा वेळी उणीव दूर करून नवा अर्ज करणे हा जवळचा मार्ग होय. एकदा नकार मिळाला म्हणून सुधारलेला अर्ज करता येत नाही, हा समज चुकीचा आहे.

याउलट नियमाचा अर्थ चुकीचा लावला आहे, सादर केलेला कागद पाहिलाच गेला नाही, कारण नमूद केलेले नाही किंवा शेजारच्या सारख्याच प्रकरणात निराळी भूमिका घेतली आहे, असे असेल तर अपील करावे. शेजाऱ्याचा दाखला देताना मात्र सावध असावे. त्याला मिळालेली परवानगी नियमाला धरून असेल तरच तिचा उपयोग होतो. त्याने केलेले बेकायदा बांधकाम आपल्याला अधिकार देत नाही.

कारणे संमिश्र असतील तर पहिल्या पंधरवड्यातच वास्तुविशारद व वकील यांच्याशी एकत्र बसून निर्णय घ्यावा. नव्या अर्जाचा विचार करता करता ४० दिवस निघून गेले, असे होता कामा नये.

अपील कसे करावे?

एक. नकाराच्या आदेशाची प्रत, मूळ अर्ज, त्यासोबतचे सर्व कागद व नकाशे एकत्र करावेत. आपल्या अर्जावर कार्यालयाने काय शेरे मारले हे कळण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली टिप्पण्यांसह संपूर्ण नस्तीची प्रत मागावी. अर्जाचे शुल्क १० रुपये असून माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. म्हणजे नकार मिळाल्याबरोबर हा अर्ज केला तरच प्रत अपिलाच्या मुदतीत हाती पडू शकते. ती आली नाही तरी अपील थांबवू नये. नंतर पूरक कागद म्हणून ती दाखल करता येते.

दोन. अपिलाच्या मसुद्यात अर्जदाराचे नाव व पत्ता, मिळकतीचा सर्व्हे क्रमांक व क्षेत्र, आदेशाचा क्रमांक व दिनांक आणि आदेश हाती आल्याचा दिनांक प्रारंभीच लिहावा. त्यानंतर घटनाक्रम थोडक्यात द्यावा.

तीन. नकाराचे प्रत्येक कारण एकेक करून घ्यावे व त्याच्याखाली आपले उत्तर आणि त्याला आधार देणारा कागद यांचा उल्लेख करावा. आपल्या घरची हलाखी, आईचे आजारपण, भिंतीची अवस्था यांचा एक परिच्छेद जरूर असावा, कारण अडचण खरी आहे हे त्यातून दिसते. परंतु निर्णय नियमावरून होतो, म्हणून अपिलाचा मुख्य भार नियमावरच ठेवावा.

चार. शेवटी मागणी स्पष्ट लिहावी. 'योग्य तो न्याय मिळावा' एवढ्यावर न थांबता 'अमुक दिनांकाचा आदेश रद्द करून सोबतच्या नकाशाप्रमाणे परवानगी द्यावी. तसे शक्य नसल्यास अमुक अटींवर द्यावी' असे लिहावे.

पाच. विहित शुल्क भरून अपील नगर विकास विभागाकडे दाखल करावे व पोच घ्यावी. शुल्काची रक्कम व प्रतींची संख्या कार्यालयातूनच विचारून घ्यावी. पोच नसलेला कागद दिला नाही असेच समजले जाते.

सहा. सुनावणीच्या दिवशी मोजके बोलावे. ज्या अधिकाऱ्याने नकार दिला त्याच्यावर हेत्वारोप करू नयेत. त्याच्या नकाशावरील चूक दाखवणे पुरेसे असते.

साठ दिवसांचा गैरसमज

'६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळालीच असे समजायचे,' हे वाक्य आपल्या भागात सर्रास ऐकू येते. कलम ४५ मध्ये तशी तरतूद आहे हे खरे, परंतु तिचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. मुदत अर्जाच्या किंवा त्रुटीपत्राला दिलेल्या उत्तराच्या दिनांकापासून, यांपैकी जो नंतरचा असेल त्यापासून मोजली जाते. आणि प्रस्ताव नियमावलीशी व आराखड्याशी काटेकोरपणे सुसंगत असेल तरच अशी मानीव परवानगी मिळते. विसंगत असेल तर ते बांधकाम अनधिकृतच ठरते. म्हणून नुसत्या साठ दिवसांच्या हिशोबावर पाया खणू नये.

'बांधून टाका' या सल्ल्याची किंमत

परवानगीविना बांधकाम हा कलम ५२ प्रमाणे शिक्षेस पात्र गुन्हा आहे, आणि कलम ५३ प्रमाणे ते पाडण्याची नोटीस निघू शकते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निर्देशांप्रमाणे बांधकाम पाडण्यापूर्वी १५ दिवसांची पूर्वसूचना देणे सर्वसाधारणपणे आवश्यक आहे. परंतु पूर्वसूचना मिळाली म्हणून घर वाचते असे नव्हे. नालासोपाऱ्यात आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या, तेव्हा रस्त्यावर आलेली कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली. त्यांतील बहुतेकांनी पै-पै साठवून घर घेतले होते. चूक करणारे निराळे होते आणि बेघर झालेले निराळे. परवानगी नसलेल्या घरावर बँक कर्ज देण्यास तयार होत नाही आणि ते विकतानाही अडचण येते. असे घर मुलांच्या हाती देणे म्हणजे त्यांच्या हाती एक खटला देणेच होय.

अपिलानंतर

अपिलातील निर्णय कायद्याच्या दृष्टीने अंतिम मानला जातो व त्याविरुद्ध दिवाणी दावा चालत नाही. तथापि संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा मार्ग खुला असतो. न्यायालय तेथे निर्णय घेण्याची रीत योग्य होती काय, नैसर्गिक न्याय पाळला गेला काय हे पाहते, नकाशा पुन्हा तपासत बसत नाही. आधी अपील न करता थेट उच्च न्यायालयात गेल्यास 'प्रथम अपील करा' असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक.

परवानगी मिळाली तरी स्वस्थ बसू नये. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षापुरते असते. ते वर्षागणिक वाढवून मिळते, परंतु ही वाढीव मुदत तीन वर्षांच्या पुढे नाही. पैशांची जमवाजमव होईपर्यंत कागद पेटीत ठेवणाऱ्यांची परवानगी अशीच निघून जाते व पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले?

आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांची अपिलाची मुदत टळून गेली होती. सुदैवाने त्यांच्या पत्रातील तीन कारणांपैकी दोन कागदांची होती. वारस नोंद झालेली नव्हती आणि मोजणी नकाशा जोडलेला नव्हता. तिसरे कारण एका बाजूस कमी पडणाऱ्या अंतराचे होते. वास्तुविशारदाने जिना आतल्या बाजूस घेऊन ते दूर केले. सर्वांत कठीण काम निराळेच होते. संमतीसाठी त्यांना आपल्या थोरल्या बहिणीच्या दारी जावे लागणार होते, आणि वडिलांच्या अंत्यविधीनंतर त्या दोघांत बोलणे उरले नव्हते. ते आठवडाभर टाळत राहिले. अखेर आईच त्यांच्यासोबत गेली. बहिणीने कागद वाचून घेतला, हक्कसोडपत्र नव्हे ना याची खात्री करून घेतली आणि सही केली. सही करताना तिने विचारले, "आईची खोली कुठल्या बाजूला ठेवतोस?"

नव्या अर्जावर काही महिन्यांनी परवानगी आली. घर अजून पूर्ण व्हावयाचे आहे, पण जोत्यापर्यंतचे काम उरकले आहे. त्या माणसाच्या सल्ल्याप्रमाणे विटा मागवल्या असत्या तर आज तेथे घराऐवजी नोटीस असती, असे ते स्वतःच सांगतात.

वाचकहो, नवीन विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचना मागवल्या जातात. आराखड्याचा फेरविचार किमान २० वर्षांतून एकदा करावयाचा असतो. म्हणजे ती संधी दवडली तर एक पिढी वाट पाहावी लागते. आपल्या वाडीवर कोणता रंग चढला आहे, कोणाच्या अंगणातून रस्ता गेला आहे, हे तेव्हाच पाहून लेखी हरकत नोंदवणे हे पुढील अनेक अपिलांपेक्षा परिणामकारक ठरते. धर्मग्रामातील तरुणांनी व जाणकारांनी अशा वेळी नकाशा सभागृहात लावून ज्येष्ठांना समजावून सांगावा, अशी आमची सूचना आहे.

आणि ज्यांच्या घरी असे एखादे पत्र कपाटात पडून असेल त्यांनी ते आजच बाहेर काढावे, त्यावरील दिनांक पाहावा व दिवस मोजावेत. ४० दिवस उरले असतील तर अपिलाचा विचार करावा. उरले नसतील तर कारणे वाचून नव्या अर्जाच्या तयारीला लागावे.